बाबांच्या कॅसेटी, केसरबाई आणि ५३ हर्ट्झ

१८ नोव्हेंबर २०२३, सांगली

भाऊबीज उरकून दादा परवा न्यू जर्सीला परत गेला. जाताना दारात पुन्हा तेच म्हणाला, "या हिवाळ्यात बाबांच्या कॅसेटींचं मनावर घे. मशीन मी पाठवतो, कान तुझे." आज माळ्यावरून आणि कपाटातून सगळं खाली काढलं. कॅसेटी २१४, एलपी ३१, ७८ च्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या ४६. तबकड्यांपैकी पाच तडकलेल्या आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. एलपी आणि तबकड्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. कॅसेटींचा खालचा कप्पा मात्र दोन दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर बाबांनी एकेक कॅसेट उघडली, फीत गाळलेल्या पाण्यातून काढली आणि गच्चीवर सावलीत वाळवली. आई सोफे बाहेर काढत होती आणि हे गृहस्थ फीत धूत होते. पुढे दीड वर्षात ते गेले. वाळवलेल्या कॅसेटी त्यांनी पुन्हा कधी लावून पाहिल्या नाहीत.

कामाचे नियम आजच ठरवले. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती करायच्या. एक मूळ प्रत, जिला कसलाही हात लावायचा नाही. दुसरी ऐकायची प्रत. हा नियम अनुभवातून आला आहे. तीन वर्षांपूर्वी सहा कॅसेटी एका दुकानात दिल्या होत्या. त्यांनी खरखर काढायच्या नादात तंबोरेही पुसून टाकले. गायक एखाद्या रिकाम्या टाकीत उभा राहून गातोय असं वाटायचं. तंबोरा म्हणजे आवाजामागची खरखर नव्हे, गाणं त्याच्यावर उभं असतं.

यादीत एक रकाना जास्तीचा ठेवला आहे: "मत". बाबा कॅसेटच्या कार्डावर राग आणि तारखेबरोबर एखादा शेरा लिहायचे. "उत्तम." "तबला जड." "पहाटे ऐकणे." तेच पुढे चालवायचं. माझं मत आणि काकांचं मत, एकमेकांना न विचारता लिहायचं. काका ८३ वर्षांचे आहेत, बाबांचे धाकटे भाऊ, आणि गाण्याच्या बाबतीत बाबांशी जन्मभर भांडलेले.

२१ नोव्हेंबर

दादाने पाठवलेला कॅसेट डेक आला, पण लावताच ढॅप झाला. आतला रबरी पट्टा वितळून काळं डांबर झालं होतं. तो बदलून घेतला. हेड, म्हणजे फितीवरून आवाज उचलणारा भाग, इयरबडने पुसलं तर तपकिरी भुकटी निघाली. पुराच्या कॅसेटींपैकी पहिल्या दहा तपासल्या. चारांच्या आतली फेल्टची छोटी गादी गळून पडली होती. ही गादी फीत हेडवर दाबून धरते, ती नसली की आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येतो. चांगल्या कोऱ्या कॅसेटीचे पाच स्क्रू काढायचे, जुनी फीत त्या खोक्यात बसवायची, पुन्हा पाच स्क्रू. एकीला वीस मिनिटं लागतात. आज चार झाल्या.

२६ नोव्हेंबर

तबकड्यांना सुरुवात. काका स्पिरिट आणि कापूस घेऊनच आले होते. त्यांचा हात धरला. जुन्या तबकड्या लाखेच्या, स्पिरिट लागलं की लाख विरघळते आणि खाचा सपाट होतात. गाळलेलं पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, बस. सुईही वेगळी लागते. एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला जाऊन घासते आणि नुसती माती वाजवते.

वेग तपासायला कागदाची चकती आणली. तिच्यावर कडेला ७७ काळे पट्टे आहेत. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ती फिरवली आणि पट्टे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसले की समजायचं, मिनिटाला ७७.९२ फेरे होताहेत. अर्धा तास पट्टे काही थांबेनात, नुसता करडा धूर दिसत होता. मग काकांच्याच लक्षात आलं: खोलीत एलईडी आहे, तो लुकलुकत नाही. स्वयंपाकघरातली जुनी ट्यूबलाइट, चोकवाली, तिच्याखाली टर्नटेबल नेलं. ओट्यावर, गॅसच्या शेजारी. बटण हळूहळू फिरवलं आणि पट्टे सावकाश मागे सरकत सरकत उभे राहिले.

पहिली तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची. झिंझोटी, "पिया बिन नहीं आवत चैन". ओट्यापाशी आम्ही दोघं उभ्यानेच ऐकली.

मत (मी): माझ्यासाठी सगळ्या संग्रहात ही पहिली. आवाज बारीक आहे, नाकातून आल्यासारखा आहे, कोणी नाकारत नाही. पण "पिया" वरून खाली उतरताना त्या दोन स्वरांमध्ये जी जागा आहे, ती दुसऱ्या कोणाकडे ऐकलेली नाही. ते स्वर लावत नाहीत, स्वर त्यांच्यापाशी येऊन थांबतो. तीन-सव्वातीन मिनिटांत ठुमरी उभी करायची म्हणजे एकही जागा फुकट घालवायची सोय नाही, आणि तरी कुठे घाई नाही.

मत (काका): "रडवतो माणूस. पण रोज नको."

भीमसेन जोशींनी गदगला लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असं गायचं म्हणून अकराव्या वर्षी घर सोडलं, ही गोष्ट बाबा आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की दादा मध्येच पुढचं वाक्य म्हणायचा. खाँसाहेब मिरजेचे, म्हणजे आमच्यापासून बारा किलोमीटरवर राहिलेले. मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, पण १९३७ मध्ये तिकडे मद्रासकडे प्रवासात रेल्वे स्टेशनवर वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले. उरुसातली मैफल ऐकायला बाबा मला सायकलवर नेत. मागच्या कॅरिअरवर, उशीची गुंडाळी बांधून.

३ डिसेंबर

मल्लिकार्जुन मन्सूर. रेडिओवरून उतरवलेली कॅसेट, राग शुद्ध नट. कार्डावर बाबांचा शेरा: "सुरू झाले की झाले."

अगदी तसंच आहे. मन्सूरअण्णा रागाच्या दारात ओळख करून देत बसत नाहीत. तंबोरे लागले आहेत, तबला आला, आणि हे मधल्या एका वाक्यापासून बोलायला लागतात, जणू आपण आधीपासून ऐकत होतो. एका दमात तीन वळणं घेऊन तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते आणि सम पडली हे आपल्याला नंतर कळतं. ते आधी मिरजेत नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेऊन आलेले, मग मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकले. स्वतः अल्लादिया खाँसाहेबांनी एकही तबकडी दिली नाही. ज्या माणसाने जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी घडवली त्याचा आवाज आज कोणापाशीच नाही. तो आपण शिष्यांच्या गळ्यातून अदमासाने ऐकायचा. मन्सूर ऐकताना हे सतत मनात असतं.

अकराव्या मिनिटाला अडचण आली. अस्ताईनंतर, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागानंतर, तबला थोडा सुटा होतो, आणि त्या मोकळ्या जागेत आईचा आवाज येतो: "अहो, चहा ठेवू का?" पाठोपाठ बाबांचं "श्श". मग भांड्याचा आवाज. बाबा रेडिओसमोर माईक धरून मुद्रण करायचे, वायर नंतर आली. त्यामुळे घर सगळं कॅसेटमध्ये आहे.

हेडफोन काढून थोडा वेळ बसले. आई आता बोलते, पण फार नाही, आणि हा आवाज चाळिशीतल्या बाईचा आहे.

मूळ प्रतीत राहणारच. ऐकायच्या प्रतीतही ठेवला. यादीत लिहिलं: "११:०४, आई." मन्सूरअण्णांची तान त्याने कुठेही उणी होत नाही.

९ डिसेंबर

आज भांडण.

कॅसेट क्र. ८७. "केसरबाई केरकर. ७८ वरून. नट कामोद, मालकंस, भैरवी." खाली बाबांचा शेरा: "मूळ भारी. इथे नाही." मी त्याचा अर्थ आजवर असा लावला होता की मूळ तबकड्या चांगल्या आहेत, पण त्या आपल्याकडे नाहीत, बाबांच्या बँकेतल्या मित्राकडे आहेत. बाबा सेलवर चालणारा आपला छोटा रेकॉर्डर घेऊन त्याच्या घरी गेले होते आणि वायर जोडून ही उतरवून आणली होती.

लहानपणापासून मला केसरबाई आवडत नाहीत. आज तेच पुन्हा झालं. आवाज टोकदार, "नेवर बाजो रे" मध्ये लयीला उगाच टाच मारल्यासारखं, ताना भराभर आटपल्यासारख्या. मी रकान्यात लिहिलं: "ताकद आहे, पण चिरका आवाज, दम खायला जागा नाही. मोगूबाई कुर्डीकर कितीतरी शांत."

काकांनी वही बघितली आणि खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. म्हणाले, "अगं, मी त्या बाईला समोर बसून ऐकलंय. मुंबईला, साठच्या आसपास. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. ती चिरकी? आवाज छातीतून यायचा तिचा. पुरुषासारखा म्हणत नाही मी, पण भरलेला. घागर भरत आली की कसा आवाज खाली खाली जातो, तसा. हे तू काय लिहिलंस?"

मी म्हटलं, "काका, पुढे वाजतंय ते ऐका ना. माझं मत मी ऐकून लिहिलंय."

"मग जे वाजतंय ते केसरबाई नाहीत."

चहा न घेता गेले. साठ वर्षांपूर्वीची आठवण आणि समोर वाजणारी फीत, यात मी फितीवर विश्वास ठेवला. रात्रभर ते डोक्यात होतं.

१७ डिसेंबर

आठवडाभर बाकीची कामं केली, पण ८७ नंबर बाजूला ठेवून दिली होती. आज सकाळी तिच्याकडे वळले.

फितीवर गाणं सुरू होण्याआधी सुई तबकडीवर टेकल्याचा आवाज आहे आणि मग चार-पाच सेकंद नुसती खरखर. तिच्यात खोल कुठेतरी एक घुमणारा सूर आहे. विजेच्या उपकरणात ५० हर्ट्झची जी गुणगुण शिरते, तीच. जुन्या घरगुती मुद्रणांत ती बहुतेक वेळा असते आणि आपण तिला शिव्या घालतो. आज तिचाच उपयोग झाला.

ते चार सेकंद ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये निवडले आणि कंपनांचा आलेख काढला. ५० वर एक बारीक सुळका. तो माझ्या डेकचा आणि माझ्या घरातल्या विजेचा, इथलाच. त्याच्या शेजारी दुसरा सुळका, ५२.४ वर. भैरवीच्या आधीच्या खरखरीत तेच बघितलं. तिथे दुसरा सुळका ५३ वर होता, आणि त्याचे पटीतले जोडीदार १०६ आणि १५९ वर.

मित्राच्या घरची वीज ५३ हर्ट्झची असणार नाही. म्हणजे फीत वेगाने वाजते आहे. कारणही सरळ आहे. बाबांच्या रेकॉर्डरचे सेल उतरत आलेले होते. मुद्रण होताना फीत हळू सरकली. आता डेक ती योग्य वेगाने सरकवतो, त्यामुळे सगळं चढतं. पहिल्या गाण्याला ५२.४ आणि शेवटच्या गाण्याला ५३, कारण मधल्या वेळात सेल आणखी उतरले. तो सगळा तास फितीवर असा उमटला आहे.

५० ला ५३ म्हणजे सहा टक्के. हार्मोनियमवर काळी एकवर असलेला षड्ज, म्हणजे सा, शेजारच्या पांढरी दोनवर जाऊन बसतो, एवढा फरक. आणि नुसता सूर चढत नाही, लयही तेवढीच चढते, आवाजाचा पोतही बदलतो. छातीतला आवाज घशात येतो.

एक ताळा हाताशी होता. "जात कहां हो" ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर घेतली आहे. भारतातून तेवढं एकच गाणं आहे. गोव्यातल्या केरी गावच्या बाईचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर जातो आहे, आणि त्याच वर्षी, दुसरं यान सुटल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीच्या यादीत भैरवीची लांबी दिली आहे ३ मिनिटं ३० सेकंद. माझ्या फितीवर ती भरली ३ मिनिटं १८ सेकंद. १९८ सेकंदांना १.०६ ने गुणलं, उत्तर २१० च्या आसपास आलं. साडेतीन मिनिटं.

कॅलक्युलेटर खाली ठेवला. मूळ प्रत तशीच सोडून दुसरी उघडली. पट्टी बदलण्याची सोय वेगळी आणि वेग बदलण्याची वेगळी, इथे वेगच बदलायचा, कारण दोन्ही एकत्र चढलं आहे. नट कामोदला उणे ४.५८ टक्के, भैरवीला उणे ५.६६. मालकंसच्या आधीची खरखर फार थोडी आहे, तिथे मला ५२.७ मिळाले, त्यावरून उणे ५.१२.

अजून ऐकलं नाही. काकांना फोन केला.

१८ डिसेंबर

काका सकाळी साडेनऊला आले. भैरवी लावली. तिघं होतो, आईही येऊन बसली.

पहिल्याच "जात" ला काकांनी हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला. मी डोळे मिटून ऐकत होते. हे वर्णन करणं मला कठीण जातंय. आवाज खाली आला आहे हे तर हिशेबाने माहीत होतंच. पण तो रुंद होईल हे माहीत नव्हतं. "आ" उघडा लावला की तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा राहतो, कुठे पिचत नाही, कुठे फुगवलेला नाही. जिथे काल मला घाई वाटत होती तिथे आता तान एकेक पायरी दाखवत उतरते. दमही ऐकू येतो. दोन ओळींच्या मध्ये त्या श्वास घेतात, तोही घाईचा नाही. काल ती जागा सहा टक्क्यांनी आखडली होती.

संपल्यावर काका म्हणाले, "ही. हीच." आणि डोळे पुसले. मग कार्ड उचलून बाबांचा शेरा वाचला. "मूळ भारी. इथे नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला कळलं होतं गं. तो म्हणतोय की जे तिथे तबकडीवर ऐकलं, ते या कॅसेटीत आलं नाही."

मी ते कार्ड चाळीस वर्षं चुकीचं वाचत होते.

केसरबाईंबद्दलचं माझं मत आज खोडलं. नवीन मत लगेच लिहिलं नाही. मालकंस, "मैसन मीत", दोनदा ऐकला. संध्याकाळी नट कामोद. मग लिहिलं: "'आ'कार असा असतो. नट आणि कामोद कुठे जोडले आहेत ते दिसत नाही, आणि दोन्ही दिसतात. घाई माझ्या फितीत होती."

२० डिसेंबर

दोन दिवस एकच काळजी. जे मला आवडत नव्हतं ते वेगामुळे, मग जे आवडतं तेही वेगामुळेच असेल तर? अब्दुल करीम खाँसाहेबांचा तो बारीक आवाज?

झिंझोटीची तबकडी पुन्हा स्वयंपाकघरात नेली, ट्यूबलाइट लावली, पट्टे थांबवले. मग मुद्दाम वेग कमी करून ऐकली. चार टक्के खाली नेली तर आवाज भरदार वाटला, पण मुरक्या सैल पडल्या, तबल्याच्या चाटीचा कडकपणा गेला, बोल ओढल्यासारखे झाले. पुन्हा ७७.९२ वर आणली आणि सगळं जागेवर आलं. आवाज तसाच बारीक. तो त्यांचाच आहे. हुश्श झालं.

इतर कॅसेटींमध्ये ज्या ७८ वरून उतरवलेल्या आहेत अशा १९ निघाल्या. त्या सगळ्यांची गुणगुण तपासायची. "मत" च्या शेजारी नवा रकाना: "वेग तपासला?"

२७ डिसेंबर

अमीर खाँसाहेबांची एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. हिला पुराचा वारा लागलेला नाही.

मारवा संध्याकाळी पावणेसहाला लावला, दिवा न लावता. "पिया मोरे अनत देस गईलवा". झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या सावकाश की मात्रा मोजायचा नाद आपोआप सुटतो. मारव्यात षड्ज घरासारखा नसतो, त्याच्या भोवती रिषभ आणि धैवत फिरत राहतात, आणि खाँसाहेब त्या षड्जाला इतका उशीर लावतात की शेवटी तो लागतो तेव्हा खोलीतली हवा बदलते. एलपीच्या एका बाजूच्या वीस-बावीस मिनिटांत हे बसतं. ७८ च्या तीन मिनिटांत अमीर खाँ बसले नसते, आणि एलपी आली म्हणून त्यांची गायकी घरोघर पोचली असं मला वाटतं.

मत (काका): "मला झोप येते. भीमसेनचा पूरिया धनाश्री लाव, मग सांगतो संध्याकाळ म्हणजे काय." काका तरुणपणापासून सवाई गंधर्व महोत्सवाला न चुकता जात आलेले, मांडवात रात्रभर बसून. भीमसेनजींची तान अंगावर घेतलेल्या माणसाला अमीर खाँ थंड वाटणार. मला दोन्ही लागतात, पण एकटी असताना मारवा.

दत्तात्रेय विष्णू पलुसकरांची श्री रागातली "हरि के चरणकमल" पण आज झाली. स्वच्छ. ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये गेले. एवढ्या तरुण आवाजात एवढा निवांतपणा कसा काय, हे मला कधी उलगडलं नाही.

१२ जानेवारी २०२४

कुमार गंधर्वांची पुण्यतिथी, जन्मशताब्दीचं वर्षही चालू आहे. म्हणून आज निर्गुणी भजनं घेतली. कॅसेट पुरातली आहे. "सुनता है गुरु ग्यानी" च्या मध्यावर फितीला चुणी पडली आहे, तिथे डाव्या कानातला आवाज दीड सेकंद गायब होतो. काहीच करता येणार नाही. भरून काढायची साधनं आहेत, मी वापरणार नाही.

इथे तंबोऱ्यांबद्दल लिहायलाच हवं. आज हेडची तिरपी बसवण नीट केली. हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवायचा आणि तंबोऱ्याकडे कान द्यायचा. स्क्रू जसा जागेवर आला तशी जवारी, म्हणजे तारांचा झणकार, उमलत गेली. आधी नुसतं "हुं", मग त्यात गंधार, मग वरच्या स्वरांचा बारीक चुरा. कुमार तंबोरे लावायला किती वेळ घेत आणि किती कटाक्षाने लावत, हे बाबांकडून ऐकलं होतं. क्षयाने पाच-सहा वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ निकामी, म्हणून लांब दमाची तान त्यांना परवडत नव्हती असं लोक म्हणतात. असेल. पण ते जिथे थांबतात तिथे तंबोरा गातो, आणि तो गावा म्हणूनच ते थांबतात असं मला ऐकताना वाटतं. त्या दुकानाने तंबोरे पुसलेल्या सहा कॅसेटींत एक कुमारांची होती. ती आज पुन्हा मूळ फितीवरून उतरवली.

मत (आई): "हा माणूस देवासला राहून इतका एकटा गात होता?" तिने पहिल्यांदाच रकान्यात काही लिहायला सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिलं.

२१ जानेवारी

किशोरीताई आमोणकरांचा भूप, "प्रथम सुर साधे" आणि "सहेला रे". या कॅसेटीबद्दल घरात मतभेद नाही. दादाने तिकडून निरोप पाठवला: "ही फाइल सगळ्यात आधी पाठव." पाच स्वरांत एवढी माया कोणी ओतली असेल तर सांगा.

किशोरीताईंच्या आई मोगूबाईंची मात्र एकच जुनी फीत आहे आणि तीही आकाशवाणीवरून घेतलेली, मागे दुसऱ्या स्टेशनची कुरकुर. वेग बरोबर निघाला, माझी शंका फिटली. लेकीचं गाणं ऐकल्यावर आईचं ऐकलं की कळतं, मोगूबाई लयीच्या अंगाने किती आतून चालतात. बोलतानेत शब्द मोडत नाही. डिसेंबरात रागाच्या भरात मी त्यांना केसरबाईंच्या विरुद्ध उभं केलं होतं, ते वाक्य खोडून टाकलं. दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्याच तालमीतल्या, दोघी गोव्याच्या. दोघी लागतात.

४ फेब्रुवारी

२१४ पैकी १९७ झाल्या. अकरा फिती पूर्ण गेल्या आहेत, त्यांत गाळ चिकटून थर सुटला. सहा अजून उघडायच्या आहेत. १९ वेगाच्या संशयितांपैकी सात खरंच चुकीच्या निघाल्या, पाच चढ्या, दोन उतरलेल्या. त्या सातही बाबांच्या त्याच रेकॉर्डरवरच्या.

दादाला दोन हार्डडिस्क करून पाठवल्या, एक काकांकडे ठेवली. काल त्याचा फोन आला. पहाटे कामावर जाताना गाडीत केसरबाईंची भैरवी लावली होती म्हणे. "आपल्याकडची तीच का ही? बाबांनी आपल्याला ही लहानपणी ऐकवली असती तर!" मी म्हटलं, ऐकवली होती रे, हीच. मग त्याला ५३ चा सगळा हिशेब सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, नुसता गाडीचा आवाज येत होता.

८७ नंबरची कॅसेट डबीत घातली. कार्डावर बाबांच्या अक्षराखाली पेन्सिलने लिहिलं: "नट कामोद −४.५८, मालकंस −५.१२, भैरवी −५.६६. आता इथे आहे." मग ती नवीन कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली.

उद्या सकाळी उरलेल्या सहा.